दीड तातामी

टीव्हीवर माणसं पाण्यात पडताना बघण्याचा मला सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे, आणि पडणाऱ्याची मी कधी गय केलेली नाही. ‘तेत्सुझान’ सुरू झालं तेव्हापासून त्याचा एकही भाग मी चुकवलेला नाही. शंभर स्पर्धक, चार टप्पे, खाली गढूळ पाणी. कुणी फिरत्या ओंडक्यावरून घसरतो, कुणी वाकड्या भिंतीवर धावत जातो आणि बोटभर कमी पडून गडगडत खाली येतो. टप्प्याच्या शेवटी लाल बटण असतं. ते दाबलं तर पुढे, नाही तर ओल्या कपड्यांनी घरी. कुणी पडला की मी टीव्हीसमोर मांडी ठोकून सांगायचो, “हा आपल्या आळसाने पडला. नीट सराव केला असता तर पडला नसता.” माझी बायको मासुए स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, तुम्ही तीन पायऱ्या उतरताना कठडा धरता!” मी तिच्याकडे लक्ष देत नसे.

माझं नाव इवाओ. मी तातामी करतो, म्हणजे आमच्या घरांतून जमिनीवर अंथरतात त्या गवताच्या, माणसाएवढ्या लांब, तीन बोटं जाडीच्या बैठका. मूळचा मी क्योतोचा. तिथे वडिलांचं दुकान होतं आणि सहाव्या वर्षापासून त्यांच्या मांडीशी बसून मी गवताच्या कडा शिवत आलो. चाळीस वर्षांपूर्वी इथे ग्योदाला मासुएच्या वडिलांच्या दुकानात घरजावई म्हणून आलो, त्यांचंच आडनाव लावलं आणि इथलाच झालो. या धंद्याने मला पैसा दिला नाही, पण नजर दिली. कुठलीही जागा दिसली की मी मनातल्या मनात तिच्यावर तातामी अंथरतो. बँकेची ओसरी, पोहण्याचा तलाव, स्मशानाचा रस्ता, सगळं मला तातामीतच दिसतं. गावातले लोक मुद्दाम विचारतात, मी सांगतो, ते मोजून बघतात आणि मान हलवत परत येतात. या नजरेचा मला गर्व होता. होता म्हणतोय, कारण आता नाही.

दाइगो मोगी आमच्या भागात गॅसच्या टाक्या पोचवतो. बेचाळीस वर्षांचा, बुटका, मान जवळजवळ नाहीच, आणि एका खांद्यावर भरलेली टाकी घेऊन जिना चढतो. नऊ वर्षांपूर्वी तो आमच्याकडे टाकी बदलायला आला तेव्हा मी तेत्सुझान बघत होतो. तो दारात बूट काढायचं विसरून पाऊण तास उभा राहिला. त्या दिवसापासून तो माझा झाला. दुकानामागे गवत साठवायची उंच कोठी आहे. ती मी त्याला सरावाला दिली. साकुमा सुतार हा माझा चाळीस वर्षांचा भांडणाचा सोबती. त्याने तिथे टीव्हीत बघून बघून ओंडके, दोर, भिंती उभ्या केल्या. दाइगो पाच वेळा निवडला गेला आणि चार वेळा पहिल्याच टप्प्यात पडला. चारही वेळा मी त्याला तोंडावर सांगितलं, “आळस, दुसरं काही नाही.” तो मान खाली घालून म्हणायचा, “हो काका.”

गेल्या वर्षी चित्रीकरणाला मी आणि साकुमा त्याच्यासोबत गेलो होतो. तो पहिल्या टप्प्यात पडला, पण आम्ही प्रेक्षकांत बसून राहिलो, कारण दुसऱ्या टप्प्यात त्यांनी एक नवीन अडथळा आणला होता. उडता दांडा. एका लोखंडी दांड्याला लोंबकळायचं, झोका घ्यायचा, हात सोडायचे आणि हवेतून जाऊन समोरचा दांडा धरायचा. मधे काही नाही. स्पर्धकांना आधी हात लावू देत नाहीत आणि मापं कुणी सांगत नाही, ती ज्याची त्याने ताडायची. सहा जण तिथवर पोचले, सहाच्या सहा पाण्यात गेले. लोक किंचाळत होते, मीही उभा राहून ओरडत होतो, आणि तेवढ्यात माझ्या नजरेने आपोआप दोन दांड्यांच्या मधे तातामी अंथरल्या. एक, आणि वर अर्धी. बरोब्बर.

“दीड,” मी साकुमाला म्हणालो.

“नक्की?”

“माझी नजर आहे ती. दीड तातामी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.”

साकुमाने नोव्हेंबरात कोठीत दोन दांडे लावले. वर्षभर दाइगो त्यावर उडत होता. आधी हाताची सालं गेली, मग घट्टे पडले, मग तो डोळे मिटूनही समोरचा दांडा धरायला लागला. डोळे मिटून! मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून टाळ्या वाजवायचो.

त्याची बायको चिनात्सु दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. हळू बोलणारी, हिशेबी, पण वाकड्यात शिरणारी नाही. दोन वर्षांपूर्वी सरावात दाइगोच्या खांद्याचं हाड मोडलं तेव्हा तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता. या वर्षापर्यंत दुसरा टप्पा पार झाला तर ठीक, नाही तर तेत्सुझान कायमचं बंद. मलाही तिने ते समोर बसवून सांगितलं. मी म्हटलं, “होणारच पार. लिहून देतो.”

जूनमध्ये ती एकदा फोन हातात घेऊन कोठीत आली.

“काका, इंटरनेटवर ती कार्यक्रमाची वेडी मुलं आहेत ना, त्यांनी चित्रावरून हिशेब केलाय. दोन मीटर पंच्याऐंशी म्हणतायत. आपलं किती आहे?”

“आपलं बरोबर आहे.”

“हो, पण किती?”

“अगं, ती पोरं घरात बसून चित्रं मोजतात. मी तिथे होतो. या डोळ्यांनी बघितलंय. तू दातांचं बघ, अंतराचं मी बघतो.”

साकुमा हसला. चिनात्सुच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाइगो घाईघाईने म्हणाला, “राहू दे गं, काकांची नजर आहे.” साकुमाच्या कमरेला टेप लटकत होता. एका मिनिटाचं काम होतं. पण माझ्या तोंडावर मोजायचं म्हणजे माझ्यावर विश्वास नाही असं झालं असतं, म्हणून तिने मोजलं नाही. फोन पिशवीत टाकून ती गेली.

ऑक्टोबरमध्ये ऐन चित्रीकरणाच्या आठवड्यात माझी कंबर धरली. तीस किलोची तातामी उचलायला गेलो आणि तसाच वाकलेला राहिलो. दाइगो म्हणाला, “मी एकटाच जाऊन येतो काका. तुम्ही असलात की मी सारखा तुमच्याकडे बघतो.” तो गेला आणि आला. काय झालं ते सांगायचं नाही, असं स्पर्धकांकडून लिहून घेतात. कार्यक्रम दाखवतात डिसेंबरच्या शेवटी. तोवर बायकोलासुद्धा सांगायचं नाही. काही जण सांगतात गुपचूप, पण दाइगो तसला नाही.

मग काय, अकरा आठवडे सगळं गाव त्याचं तोंड वाचत होतं. टाकी घेऊन आला की बायका विचारायच्या, “आज खुशीत दिसतोस?” तो म्हणायचा, “थंडी आहे.” भाजीवाल्याने त्याला मुळा फुकट देऊन बघितला. मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, पोराने बाजी मारलेली आहे. पुरावा काय? तर तो परत आल्यावरही रोज कोठीत येत होता. हरलेला माणूस येईल का? पाचव्या दिवशी कंबर सुटल्यावर मी पुन्हा बादलीवर जाऊन बसलो तेव्हा तो उडत्या दांड्यावर सारखा चुकत होता. मी खेकसलो, “जिंकलास म्हणून डोक्यात हवा गेली का रे?” तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मला वाटलं काही बोलेल. पण तो पुन्हा वर चढला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्याचा हात परत बसला आणि मी पुन्हा टाळ्या वाजवायला लागलो.

एकोणतीस डिसेंबरला कार्यक्रम होता. त्या तारखेला आमच्याकडे नववर्षाच्या गोळ्यांसाठी वाफवलेला भात कुणी कुटत नाही, अशुभ मानतात, त्यामुळे सगळे मोकळे. आम्ही कामाची खोली झाडून टीव्ही तिथे आणला. वीस-बावीस माणसं झाली. सगळीकडे नव्या गवताचा वास, मधे रॉकेलची शेगडी, संत्र्यांची टोपली. मासुए आत तळण तळत होती. तेत्सुझान तिने सत्तावीस वर्षांत धड पाच मिनिटं बघितलं नसेल. दाइगो पार मागे, दाराशी बसला होता. चिनात्सु त्याच्या शेजारी. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या हाताकडे बघत होती, कारण तो संत्री सोलत होता आणि खात नव्हता. सोललेल्या संत्र्यांची रांग लागली होती. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

साडेसहाला पहिला टप्पा. एकामागून एक धाडधाड पडत होते आणि मी प्रत्येकाचा समाचार घेत होतो. मग दाइगोचा नंबर आला. त्याच्या आधी त्यांनी सप्टेंबरात इथे येऊन घेतलेलं चित्रण दाखवलं. आमची कोठी! आणि कोठीत नवा निळा अंगरखा घालून मी! पडद्यावरचा मी छाती काढून सांगत होतो, “अंतर मी दिलंय. टेपबीप काही नाही. दीड तातामी. तातामीवाल्याची नजर आहे, केसाचा फरक पडायचा नाही.”

खोलीत एकच गलका झाला. “काका आले टीव्हीवर!” “अरे, काकांना सही मागा!” साकुमाने माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

दाइगोने पहिला टप्पा पार केला. भिंतीवर एका दमात चढला, बटण दाबलं, धूर उडाला. काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! भाजीवाला रडायला लागला. चिनात्सुने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मी मागे वळून दाइगोला ओरडलो, “लेका, अकरा आठवडे दडवून ठेवलंस!” तो कसनुसं हसला.

आठच्या सुमाराला दुसरा टप्पा लागला. दाइगो भराभर पुढे सरकत होता. दोर झाला, साखळ्या झाल्या. मग उडता दांडा. तो लोंबकळला. एक झोका, दोन झोके, तिसरा. मी त्याच्याबरोबर मोजत होतो. तिसऱ्याला तो सुटला आणि सुंदर सुटला, कोठीत हजार वेळा सुटला होता तसाच, अंग सरळ, डोळे समोर. त्याचे हात मिटले. हातात काहीच नव्हतं. दांडा अजून पुढे होता.

तो पाण्यात गेला.

आमच्या खोलीत शेगडीची भुरभुर ऐकू येत होती. टीव्हीवरचा माणूस मात्र ओरडत होता, “अंतर! अंतराचा अंदाजच चुकला! केवढं हे दुर्दैव!”

आणि मी काय केलं? जे सत्तावीस वर्षं करत आलो तेच. वळलो आणि भरल्या खोलीत त्याच्या अंगावर धावलो. “आखडता झोका घेतलास! शंभरदा सांगितलं होतं! इथे डोळे मिटून धरतोस आणि तिथे गेल्यावर आळस करतोस?”

दाइगो उठून उभा राहिला. म्हणाला, “हो काका. चुकलं माझं.”

चिनात्सु खाली बघत होती. तिचा शब्द, त्याचा शब्द, सगळं त्या पाण्यात गेलं होतं. आमच्यात रडारड करत नाहीत, ती फक्त सोललेली संत्री एकेक करून कागदात बांधायला लागली.

टीव्हीवर तीच उडी पुन्हा दाखवत होते, या वेळी बाजूने आणि सावकाश. मला धीर नव्हता, पण नजर कुठे ऐकते? ती लागली आपल्या कामाला. या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत तातामी अंथरल्या. एक, आणि अर्धी.

“बघा!” मी ओरडलो. “दीडच आहे! अंतर बरोबरच होतं! हा कमी पडला!”

मासुए तळणाचा झारा हातात घेऊन दारात येऊन उभी होती. गप्प का झाले सगळे म्हणून बघायला आली असणार. तिनेही ती उडी बघितली. तीही तातामीवाल्याचीच मुलगी, याच दुकानात रांगलेली.

“अहो,” ती म्हणाली, “ही दीड नाही. वीतभर जास्त आहे.”

“अगं, दीडच आहे! आंधळी झालीस का? एक आणि अर्धी!”

ती माझ्याकडे बघायला लागली. मग हलक्या आवाजात तिने विचारलं, “कुठली?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

क्योतोची तातामी इथल्यापेक्षा लांब असते. एकीत पंधरा सेंटीमीटर, म्हणजे दीडीत वीतभर. या धंद्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मला माहीत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं मी इथली तातामी कापतोय, इथलीच विकतोय, खोलीत पाय टाकला की इथलीच मोजतोय. पण त्या दिवशी खोली नव्हती. उघडं मैदान होतं, हजार माणसं किंचाळत होती, माझं भान गेलं होतं, आणि अशा वेळी जी नजर पुढे आली ती वडिलांच्या मांडीशी बसलेल्या सहा वर्षांच्या पोराची. ती क्योतोची दीड होती. आणि मी इथल्या माणसाला नुसतं सांगितलं, दीड.

“साकुमा,” माझा आवाज माझाच वाटत नव्हता, “तू दांडे कसे लावलेस?”

“कसे म्हणजे? तू दीड म्हणालास. तुझ्या दुकानातली एक सबंध तातामी आणि एक अर्धी घेतली, कोठीत जमिनीवर टाकली आणि वर दांडे ठोकले.” बोलता बोलता त्याचा जबडा लोंबला. “इवाओ... तू क्योतोची म्हणत होतास काय?”

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. या सगळ्यांच्या समोर, अर्ध्या तासापूर्वी, मी टीव्हीत छाती काढून उभा होतो. साऱ्या देशाने बघितलं होतं. तरीही मनात कुठेतरी एक चोर म्हणत होता, कदाचित नसेल तसं. कदाचित साकुमाने ठोकताना काही चूक केली असेल आणि अंतर आपोआप बरोबर आलं असेल. मी साकुमाच्या कमरेचा टेप ओढला आणि चपला न घालता मागच्या अंगणातून कोठीत पळालो. साकुमा माझ्यामागे.

दिवा लावला. शिडीवर चढून टेपचं टोक एका दांड्याला अडकवलं, साकुमाने दुसरं टोक ओढलं.

“किती?”

तो वाकून बघत राहिला. “दोन मीटर शहाऐंशी.”

“किती?”

“दोन शहाऐंशी! इवाओ, बरोबर आहे! दीड आहे, क्योतोची दीड!”

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. शिडीवरच मी हसायला लागलो. म्हणजे माझी चूक नाही! म्हणजे सरावाचं अंतर बरोबर होतं, आणि हा पडला तो त्याच्याच... इथपर्यंत माझं मन गेलंसुद्धा होतं. एवढा हलका माणूस मी.

साकुमा हसत नव्हता. तो खांबावरून बोट फिरवत होता.

“हे बोल्ट माझे नाहीत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी चौकोनी डोक्याचे लावले होते. हे षटकोनी आहेत. आणि हे बघ.” त्याने वीतभर अलीकडे बोट ठेवलं. तिथे चार भोकं होती, लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली आणि वरून घासून साफ केलेली. मुद्दाम बघितल्याशिवाय दिसली नसती. “माझी भोकं ही आहेत. कुणीतरी दांडा सरकवलाय.”

“मीच सरकवला,” मागून आवाज आला.

दाइगो दारात उभा होता. त्याच्या खांद्यामागे चिनात्सु.

“चित्रीकरणाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी,” तो म्हणाला. “तुम्ही कंबर धरून पडला होतात तेव्हा. हवेत असतानाच मला कळलं होतं, काका. हात मिटले आणि दांडा समोर दिसत होता, एवढा लांब.” त्याने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. “इथे येऊन मोजलं. दोन चौसष्ट निघालं.”

“मग बोलला का नाहीस?” मी शिडीवरून ओरडलो. “इतके आठवडे! मी रोज इथे बसत होतो!”

“काय बोलणार? लिहून दिलं होतं. अंतर चुकलं म्हटलं असतं तर मी पडलो हेच सांगितल्यासारखं झालं असतं. आणि मला वाटलं, सांगावं लागणारच नाही. तुमची नजर आहे. दुसऱ्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल, वीतभर सरकलंय म्हणून. मग तुम्हीच काय ते समजून घ्याल. मी वाट बघत होतो.”

म्हणून तो त्या दिवशी माझ्याकडे बघत राहिला होता! सारखा चुकत होता तेव्हा. आणि मी त्याला म्हटलं होतं, डोक्यात हवा गेली का. मी नऊ वर्षं त्याच बादलीवर बसतोय, बारा पावलांवर, समोरासमोर. कोठी आमची, दांडे माझ्या मापाचे. वीतभर सरकलेलं अंतर रोज डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी शिडीवरून खाली उतरलो आणि जमिनीवरच बसलो.

“अरे, मग आत्ता खोलीत मी शिव्या दिल्या तेव्हा तरी सांगायचंस,” साकुमा म्हणाला. “सगळ्यांदेखत ‘चुकलं माझं’ कशाला म्हणालास?”

गॅसची टाकी खाली ठेवताना दाइगो जसा श्वास सोडतो तसा त्याने सोडला.

चिनात्सु आत आली, बुजवलेल्या भोकांशी गेली आणि एकेकाला बोट लावून बघितलं. जूनमध्ये ती याच जागी फोन हातात घेऊन उभी होती. मी तिच्याकडे वळून डोकं जमिनीला टेकवलं. म्हटलं, “तुझं ऐकलं नाही. तुला घालवून दिलं. त्याला शब्दातून मोकळं कर, चिनात्सु. पडला तो नाही, पाडला मी.”

तिने दाइगोला विचारलं, “या अंतरावर जमतं तुला?”

“जमतं.”

“कधीपासून?”

“दीड महिना झाला. चुकलेलो नाही.”

“दाखव.”

“आत्ता? या कपड्यांत?”

“मगाशी मी सगळ्यांबरोबर बघितलं ना,” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, “मला आता हे बघायचंय!”

त्याने स्वेटर काढला नाही, की हाताला खडूची भुकटी लावली नाही. मोजे काढून शिडीवर चढला आणि लोंबकळला. एक झोका. दोन. तिसऱ्याला सुटला. हवेत तो जितका वेळ होता तितका वेळ आमच्यापैकी कुणी श्वास घेतला नाही. मग दांड्यावर दोन्ही पंजे बसल्याचा आवाज आला आणि सगळी कोठी हलली. इतके दिवस या उडीला मी मोठमोठ्याने टाळ्या वाजवत आलो होतो. त्या दिवशी माझे हात वर गेले नाहीत.

चिनात्सु रडायला लागली. खोलीत वीस माणसांसमोर रडली नाही ती आता रडली, तोंड न झाकता, लहान मुलीसारखी. तो दांड्याला लोंबकळूनच राहिला होता. खाली उतरावं की काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडे वळवण्याचाही हक्क नव्हता. साकुमा दिव्याकडे बघत नाक ओढत होता.

बऱ्याच वेळाने तिने बाहीने तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“त्याला पुन्हा बोलावतील की नाही, माहीत नाही,” ती म्हणाली. “बेचाळीस वर्षांचा आहे. बोलावलं तर जाईल. पण काका, पुढच्या वेळी मोजायला मी जाणार.”

“जा,” मी म्हणालो.

तिने हात पुढे केला. टेप अजून माझ्या मुठीतच होता. मी तो तिला दिला.